बत्तीस बोअर कमरेला असेल तर सोबत किती गोळ्या असाव्यात?

परभणीच्या मोंढ्यातल्या एका आडत व्यापाऱ्याचा प्रश्न आहे. ते लिहितात, ‘कापूस-सोयाबीनच्या हंगामात दुकान बंद करून गावाकडे निघायला रात्र होते. कधी सोबत रोकड असते. रीतसर परवाना काढून कानपूरचं बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर घेतलंय. त्याच्या फिरत्या सिलिंडरमधली सहाही घरं भरून ठेवावीत की एक रिकामं ठेवावं? वर आणखी किती काडतुसं जवळ असावीत? अमेरिकेतल्या व्हिडिओत पंधरा-सतरा गोळ्यांचं पिस्तूल आणि शिवाय दोन मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरलेल्या पेट्या, सांगतात. त्या हिशोबानं माझं सहाचं हत्यार म्हणजे काहीच नाही का? हे विकून पिस्तूल घ्यावं का?’

माझी सगळी नोकरी मराठवाड्यात पोलिसांच्या शस्त्रागारात आणि फायरिंग रेंजवर गेली. आता परवानाधारकांना हत्यार हाताळायला शिकवतो. हा प्रश्न नांदेडपासून धाराशिवपर्यंत सगळीकडे विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरमध्ये सहा आणि सोबत आणखी सहा, एकूण बारा. हत्यार जुनं असेल आणि त्याच्या हॅमरच्या, म्हणजे काडतुसावर ठोका देणाऱ्या घोड्याच्या, सेफ्टीची खात्री नसेल तर आत पाच. पिस्तूल असेल तर आत एक भरलेलं मॅगझिन आणि पट्ट्याला दुसरं. याहून जास्त मी कुणालाच सांगत नाही. उरलेली काडतुसं घरी, कुलपात आणि कोरड्या जागी.

आता अमेरिकेचा हिशोब आपल्याला का लागू होत नाही, ते बघा. तिकडे ‘किती गोळ्या’ हा वाद पेटला तो प्रामुख्यानं ११ एप्रिल १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर. दरोडे घालणारे दोघे होते, समोर एफबीआयचे आठ जण. पाच मिनिटांच्या आत दोन एजंट ठार झाले, पाच जखमी झाले; दोन्ही दरोडेखोरही मेले. बहुतेक एजंटांकडे रिव्हॉल्व्हर होती आणि जखमी हातानं ती पुन्हा भरणं अवघड गेलं. त्यानंतर तिकडच्या पोलिसांनी हळूहळू रिव्हॉल्व्हर सोडून जास्त गोळ्यांची पिस्तुलं घेतली, आणि पोलिसांच्या मागोमाग सामान्य माणसानंही घेतली. तिथे नागरिकाला ९ मिमी सहज मिळतं. आपल्याकडे ९ मिमी निषिद्ध बोअरमध्ये येतं, तुमच्या-माझ्यासारख्याला ते मिळत नाही. आपल्याला मिळतं ते प्रामुख्यानं बत्तीस बोअर किंवा पॉइंट बावीस. आणि मायामीतले ते आठ जण गुन्हेगारांना पकडायला निघाले होते. तुम्हाला कुणाला पकडायचं नाही, तुम्हाला घरी पोचायचंय. पाठलाग करणाऱ्याला लागणाऱ्या गोळ्या आणि सुटून जाणाऱ्याला लागणाऱ्या गोळ्या एकाच मापानं मोजायच्या नसतात.

तरी तिकडचा एक आकडा मी प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहितो. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास रँड या अमेरिकन संशोधन संस्थेनं २००८ मध्ये मांडला. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांनी झाडलेल्या शंभरपैकी अठराच्या आसपास गोळ्या माणसाला लागल्या. समोरून गोळी येत नव्हती तेव्हा तीसच्या आसपास. हे पगारी, वर्दीतले, नियमित सराव करणारे लोक. हाच हिशोब तुमच्या सहा गोळ्यांना लावला तर लागते जेमतेम एक.

यावर व्हिडिओवाले म्हणतात, म्हणूनच सतरा बाळगा. मी म्हणतो, बाकीच्या पाच कुठे गेल्या ते आधी विचारा. मोंढ्यात हमाल असतात, ट्रकवर झोपलेले ड्रायव्हर असतात. शेडचे पत्रे असतात, आणि पत्र्यातून बत्तीसची गोळी आरपार जाते. गावातल्या जुन्या माळवदाच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंतीत ती अडकेल, पण आज वस्तीवरची कितीतरी घरं पत्र्याचीच आहेत. खाली काळा दगड किंवा सिमेंटचा रस्ता असेल तर कमी कोनात लागलेली शिशाची गोळी उसळी घेऊन भलतीकडे जाते. चुकलेली गोळी शेकडो मीटर जीव घेण्याच्या जोरात असते. ती कुणाला लागली तर ती तुमचीच गोळी आहे, चोराची नाही. म्हणून जास्त गोळ्यांनी नेम भरून निघतो हे मला मान्य नाही. नेम नसेल तर जास्त गोळ्यांनी फक्त धोका वाढतो.

पहिल्या दोन गोळ्या कुठे जातात, यावर सगळं ठरतं. रेंजवर नवा परवानाधारक आला की मी त्याला सात मीटरवर उभा करतो. आधी सगळं रिकाम्या हत्यारानं करून घेतो, मग भरून. हत्यार होल्स्टरमध्ये, वरून शर्ट सोडलेला, रोज घालतो तसा. मी टाळी वाजवली की हत्यार काढून दोन गोळ्या झाडायच्या. काय होतं सांगतो. शर्टाचं टोक मुठीत येतं. हत्यार शर्टासकट वर येतं. शर्ट सोडवायला डावा हात पुढे येतो आणि नळीच्या तोंडासमोर जातो. तिथेच मी थांबवतो. दुसऱ्या खेपेला हत्यार मोकळं निघतं, पण घाई झालेली असते. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो. तो बोटानं ओढायच्या ऐवजी सगळा पंजा आवळला जातो, आणि उजव्या हाताच्या माणसाची गोळी डावीकडे खाली जाते. सात मीटरवरून माणसाएवढ्या कागदावर पहिली गोळी चुकवणारे मी सतत बघतो. यांच्या पट्ट्याला मी तीस काडतुसं लावून दिली तरी काय फरक पडणार?

वेळेचा अंदाज हवा असेल तर डेनिस ट्यूलर या अमेरिकन पोलिस अधिकाऱ्यानं १९८३ मध्ये मांडलेलं गणित बघा. हातात चाकू घेऊन पळत येणारा माणूस एकवीस फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर, दीड सेकंदात कापतो. दीड सेकंदात तुमचं हत्यार बाहेर येऊन एखादी, फार तर दोन गोळ्या सुटतील, तेही सराव असेल तर. आपल्याकडची वाटमारी याहून जवळून होते. गाडी आडवी घालतात, कुणीतरी काच फोडतं, डोळ्यात तिखट टाकतात. तिथे सातव्या गोळीपर्यंत गोष्ट जातच नाही. पहिल्या दोन-तीनमध्ये निकाल लागतो, किंवा हत्यार हातातून गेलेलं असतं.

आता सहा की पाच, हा प्रश्न. चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर तुमच्या हातातल्या त्याच नगावर अवलंबून आहे. रिव्हॉल्व्हर खाली पडलं किंवा हॅमरवर ठोका बसला तर हॅमर पुढे जाऊन काडतुसाला लागू नये, अशी अडवण आतमध्ये असते. ती शाबूत आहे का, हे परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून किंवा आर्मोररकडून, म्हणजे शस्त्रागारातल्या कारागिराकडून, एकदा तपासून घ्या. शाबूत असेल तर बेलाशक सहा भरा. वडिलोपार्जित जुनं हत्यार वारसानं नावावर आलेलं असेल, आधी कुणी कुठून तरी दुरुस्त करून घेतलेलं असेल आणि खात्री देता येत नसेल, तर पाच.

पाच भरणाऱ्यांपैकी बरेच जण रिकामं घर चुकीच्या जागी ठेवतात. रिकामं घर ठेवायचं ते हॅमरच्या बरोबर समोर, नळीच्या रेषेत. लोकांना वाटतं की मग पहिला चाप फुकट जाईल. तसं होत नाही. चाप ओढला किंवा हॅमर मागे चढवला की सिलिंडर आधी एक घर फिरतं आणि मग हॅमर पडतो, म्हणजे पहिल्याच चापाला भरलेलं घर समोर येतं. उलट ‘पहिलं फुकट जाऊ दे, पोरांच्या हाती लागलं तर बरं’ असं म्हणून जे पुढचं घर रिकामं ठेवतात, त्यांच्या हॅमरखाली भरलेलं काडतूस राहतं आणि गरजेच्या वेळी पहिला चाप फुकट जातो. दोन्ही बाजूंनी नुकसान. पोरांच्या हाती लागू नये यासाठी कुलूप आहे. सिलिंडर कोणत्या बाजूला फिरतं ते रिकामं हत्यार हातात घेऊन, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, एकदा नीट बघून ठेवा.

वरची सहा कशासाठी, हेही स्पष्ट सांगतो. ती आणखी सहा गोळ्या झाडण्यासाठी नाहीत. एखादं काडतूस उडालं नाही, सिलिंडर अडकलं, गडबडीत दोन खाली पडली, किंवा प्रसंग टळला पण अजून पंधरा किलोमीटर अंधारातून जायचंय आणि हत्यार अर्धं रिकामं आहे, अशा वेळेसाठी ती आहेत. मारामारी चालू असताना रिव्हॉल्व्हर पुन्हा भरून लढलेला सामान्य माणूस माझ्या पाहण्यात नाही. कानपूरचं जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर वरून कडी दाबून मोडतं, म्हणजे मधून वाकून उघडतं. पूर्ण मोडलं की आतली सगळी काडतुसं एकदम वर उचलली जातात, उडालेली आणि न उडालेलीही. हात थरथरत असतील तर जिवंत काडतुसंही मातीत जातात. म्हणून मोडताना नळी जमिनीकडे आणि तळहात खाली धरायची सवय लावा. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’ या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाजूला उघडतं, ते भरायला सोपं आहे. पण भरण्याचा सराव त्यालाही लागतोच.

वजनाची अडचण नाही. बत्तीस रिव्हॉल्व्हरचं एक काडतूस दहा ग्रॅमच्या आसपास भरतं. अडचण जागेची आणि शिस्तीची आहे. ज्या खिशात काडतुसं, त्या खिशात दुसरं काही नको. किल्ल्या नकोत, सुटे पैसे नकोत, तंबाखूची पुडी नको. कप्पे असलेलं कापडी पाकीट घ्या, म्हणजे अंधारातही बोटांना बूड कुठे आणि टोक कुठे ते कळतं.

चामड्याच्या काडतूस पट्ट्यात कायमची काडतुसं लावून ठेवू नका, हे आग्रहानं सांगतो. पट्टा रुबाबदार दिसतो, पण चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि अंगाचा घाम यांनी पितळेवर हिरवट थर चढतो. आपला उन्हाळा म्हणजे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे, घामानं पट्टा ओला होतो, वाळतो, परत ओला होतो. एका शेतकरी गृहस्थांनी असा पट्टा माझ्याकडे आणला होता. काडतुसं पट्ट्यातून निघेनात, पक्कड लावून फिरवून काढावी लागली. पितळेवर जिथे चामड्याची पट्टी होती, तिथे बरोबर तेवढ्या रुंदीचं हिरवं कडं बसलं होतं. ते काडतूस सिलिंडरच्या घरात घातलं तर अर्ध्यावर अडकलं, बूड दोन-तीन मिलिमीटर बाहेर. असं एकही बूड बाहेर राहिलं तर सिलिंडर फिरत नाही, म्हणजे बाकीची पाच चांगली असून हत्यार बंद. त्यांच्या पट्ट्याला पंचवीस काडतुसं होती आणि कामाचं एकही नव्हतं. बारा ठेवा, पण दर महिन्याला हातात घेऊन बघता येतील, पुसता येतील अशी बारा.

याच ओघात तेलाचं सांगतो. हत्याराला तेल लावून पुसा, काडतुसाला लावू नका. बुडाच्या मधली टिकली, जिला आपण प्रायमर म्हणतो, तिच्या कडेनं तेल आत गेलं तर काडतूस मरतं. गाडीच्या डॅशबोर्डात काडतुसं सोडू नका, उन्हात उभ्या गाडीत ती तापतात. पावसाळ्यात डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. बाळगायची काडतुसं वर्षातून एकदा बदला आणि जुनी रेंजवर झाडून संपवा. त्यात एखादं उडालं नाही तर हत्याराचं तोंड टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबा, मग उघडा.

पिस्तुलाकडे येतो. ईशापूरचं ‘अशनी’ असो की परदेशी जुनं बत्तीस, सात-आठ गोळ्यांचं मॅगझिन असतं. पिस्तूल चपटं, कमरेला कमी दिसतं, भरायला वेळ लागत नाही. पण त्यात बिघाड जास्त संभवतो आणि बहुतेक बिघाड मॅगझिनचा असतो. दुसरं मॅगझिन बाळगायचं खरं कारण तेच. पहिलं अडलं तर ते काढून टाकता येतं. बत्तीस पिस्तुलाच्या काडतुसाला बुडाशी किंचित बाहेर आलेला काठ असतो. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या मागे अडकला तर वरचं पुढे सरकतच नाही. म्हणून प्रत्येक काडतुसाचा काठ खालच्याच्या पुढे ठेवून भरा आणि भरून झाल्यावर मॅगझिन आपटत बसू नका.

नळीत एक चढवून ठेवावं का, यावर माझं मत ठाम आहे. महिन्या-दोन महिन्यांनी सुद्धा रेंजवर न जाणाऱ्या माणसानं चढवून ठेवू नये. भरलेलं मॅगझिन आत, नळी रिकामी. हो, गरजेच्या वेळी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढायला दुसरा हात लागतो आणि सेकंद जातो. पण बाथरूममध्ये, गाडीच्या सीटवर, पाहुण्यांच्या घरी बॅग उघडताना सुटलेल्या गोळ्या मी ऐकल्या आहेत, तपासल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक घरच्याच माणसाला लागल्या. चढवणारे आणखी एक करतात. रोज रात्री तेच काडतूस काढतात, सकाळी परत चढवतात. आठ-पंधरा दिवसांत पुढची गोळी पितळेत आत दबायला लागते. दबलेलं काडतूस झाडलं तर आतला दाब वाढतो. शेजारी नवं काडतूस ठेवून लांबी बघा, फरक दिसला तर ते बाजूला काढा.

आणि दोन्हींना आपण बत्तीसच म्हणतो म्हणून एकाचं काडतूस दुसऱ्यात घालू नका. रिव्हॉल्व्हरचं वेगळं, लांब आणि साध्या शिशाच्या गोळीचं. पिस्तुलाचं आखूड आणि तांब्याचं कवच असलेलं. दुकानात पावती घेताना कुठलं ते लिहून घ्या.

आता कायदा. गोळ्यांची संख्या ठरवताना हाच भाग सर्वात जास्त महत्त्वाचा आहे, आणि दुर्दैवानं लोक तो वकिलाकडे गेल्यावर ऐकतात. तुमच्या परवान्यावर दोन आकडे लिहिलेले असतात. एका वेळी जास्तीत जास्त किती काडतुसं जवळ ठेवता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील. घरातली आणि कमरेची मिळून पहिल्या आकड्याच्या वर जायचं नाही. सोबत असलेल्या प्रत्येक काडतुसाला दुकानाची नोंद हवी. झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी जपून ठेवा, हिशोब मागितला तर दाखवता येते. चुलत भावाचाही बत्तीसचा परवाना आहे म्हणून त्याला चार गोळ्या देणं, किंवा त्याच्याकडून घेणं, हा व्यवहार करू नका. आणि परवाना नसलेल्या माणसाच्या हातात तुमची काडतुसं सापडली, तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, पाचपर्यंत जाऊ शकते. तुमचा परवाना जातो तो वेगळा.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असायला हवं. दाखवणं, परजणं, हवेत उडवणं याला बंदी आहे आणि परवाना रद्द होऊन हत्यार जप्त होऊ शकतं. लग्नात, मिरवणुकीत आनंदानं गोळी उडवली तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बीड जिल्ह्यात २०२४ च्या अखेरीस मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाल्यावर परवान्यांची फेरतपासणी झाली आणि बरेच परवाने रद्द झाले, ते सगळ्यांनी बघितलं आहे. तेव्हापासून आठही जिल्ह्यांत माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच सांगतो, कमरेला हत्यार आहे हे तुमच्या गड्यालाही कळता कामा नये. पट्ट्यावर काडतुसांची माळ लावली की ते सगळ्या मोंढ्याला कळतं. ज्याला तुम्हाला लुटायचंय तो मग एकटा येत नाही, चौघांना घेऊन मागून येतो.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी खरी भीती असेल, तर हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी हा हक्क तुमच्या बाजूनं उभा राहतो. मालमत्तेसाठीही जबरी चोरी, रात्रीची घरफोडी अशा ठरावीक प्रसंगांत तो तिथपर्यंत जातो. पण कलम ३७ सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. धोका संपला की हक्क संपला. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात हे मान्य केलं आहे की अंगावर हल्ला होत असलेल्या माणसानं काटेकोर मोजून-मापून बचाव करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही. मात्र स्वसंरक्षण होतं हे दाखवायचा भार तुमच्यावर असतो. पुंगळ्या मोजल्या जातात, जखमा पुढून की मागून ते शवविच्छेदनात लिहिलं जातं. समोरून आलेल्या दोन गोळ्या समजावून सांगता येतात. तो पळायला लागल्यावर पाठीत लागलेली तिसरी समजावून सांगता येत नाही, आणि तिच्या एकटीमुळे आधीच्या दोन्हींचा अर्थ बदलतो. हत्यारात सतरा असोत की सहा, थांबायचं कधी ते बोटाला माहीत हवं. तेही सरावातच शिकवावं लागतं. म्हणून मी टाळी वाजवून सुरू करायला शिकवतो, तसंच मध्येच ‘बस’ म्हटलं की बोट चापाबाहेर काढायला शिकवतो. पहिल्या दिवशी ‘बस’ ऐकूनही एक गोळी जास्त सुटते, आणि आपण काय केलं हे झाडणाऱ्याला कागदाकडे बघितल्यावरच कळतं.

म्हणून वर्षाचा कोटा असा वाटा. समजा परवान्यावर वर्षाला पन्नास आहेत. बारा बाळगायला ठेवा. बाकीच्या अडतीस मान्यताप्राप्त रेंजवर झाडा, तीन-चार फेऱ्यांत, दर वेळी दहा-बारा. लोक बरोबर उलट करतात, पन्नासच्या पन्नास कपाटात जपतात आणि स्वतःच्या हत्याराचा आवाजही त्यांनी ऐकलेला नसतो. मधल्या काळात घरी रिकाम्या हत्यारानं, नकली काडतुसं घालून, रोज पाच मिनिटं चाप ओढा. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, हलता कामा नये. स्वतःच्या शेतात जाऊन ‘जरा टेस्ट करतो’ म्हणून दगडावर गोळी मारू नका. गोळी कुठे उसळेल सांगता येत नाही, आणि गावातून कुणीतरी एकशे बाराला फोन लावतंच.

विकून पिस्तूल घ्यावं का? तुमच्या बाबतीत नको. काडतूस उडालं नाही तर रिव्हॉल्व्हरला फक्त पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलाला मॅगझिनच्या बुडाला थाप, मग स्लाइड ओढणे, मग परत नेम. कमी सराव असलेल्या हातांना सहाचं रिव्हॉल्व्हर जास्त इमानदार आहे. जड वाटत असेल तर २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ बघा, सहाचंच, अर्धा किलोचं. महाग आहे आणि हलकं असल्यामुळे झटका हाताला जास्त जाणवतो, म्हणून घ्यायच्या आधी कुणाचं तरी रेंजवर, मालकाच्या समोर, झाडून बघा. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा घरात वडिलांची बारा बोअर तुमच्या नावावर असेल तर तीही मोजा. आणि रोकड जितकी कमी कराल तितकं बरं. शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे टाकायची सवय मोंढ्यात आता बऱ्यापैकी लागली आहे. जी रोकड न्यावीच लागते ती वेळ आणि रस्ता बदलून, दोन गाड्यांनी न्या. बारा काडतुसांपेक्षा मागून येणारी दुसरी गाडी जास्त कामाची आहे.

एक शेवटचं, कारण निवडणुका आल्या की याच गोंधळाचे फोन येतात. आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा करायचा आदेश आला तर आदेशात काडतुसांचाही उल्लेख आहे का ते वाचा. हत्यारासोबत काडतुसं जमा केलीत तर पावतीवर हत्याराचा नंबर आणि काडतुसांची संख्या, दोन्ही अंकी आणि अक्षरी लिहून घ्या. परत घेताना तिथेच टेबलावर मोजा, सिलिंडर उघडून बघा, मग सही करा.